दुष्काळाचा अधिभार

पानेवाडी हे नाव नाशिक जिल्ह्याबाहेर दोनदा गाजलं. पहिल्यांदा 25 जानेवारी 2011 ला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथे टँकरमधून तेल काढलं जाताना पाहिलं, गाडी थांबवली, मोबाइलवर चित्रण सुरू केलं आणि भेसळखोरांनी त्यांना दिवसाढवळ्या रॉकेल ओतून जाळलं. दुसऱ्यांदा 2024 च्या जानेवारीत. ‘हिट अँड रन’च्या नव्या कलमाविरुद्ध टँकरचालकांनी तिथल्या तेल कंपन्यांच्या डेपोंतून गाड्या हलवायला नकार दिला आणि बघता बघता गावोगावच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. या दोन बातम्यांच्या मधल्या तेरा वर्षांत डेपो तिथेच होते, टँकर रोज भरून निघत होते आणि शेजारच्या मनमाड शहरात नळाला पाणी कधी येईल याची चर्चा दिवसांत नव्हे, आठवड्यांत होत होती.

खालच्या संवादातले मामा आणि भाची माझ्या कल्पनेतले आहेत. घटना, आकडे आणि सरकारी निर्णय मात्र खरे. मामा महसूल खात्याच्या पुरवठा शाखेतून निवृत्त झालेले, भाची पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी. दोघांचंही पूर्ण पटत नाही म्हणून मधे कंसात मी तोंड घातलं आहे.

भाची: मामा, राग येणार असेल तर येऊ द्या. पण रॉकेलची भेसळ कुठल्या पुरवठा निरीक्षकाने संपवली नाही. भावातला फरक मिटला आणि धंदा मेला.

मामा: म्हणजे सोनवणे साहेब उगाच गेले म्हण की!

भाची: तसं कोण म्हणतंय? ते गेले ती लढाई कुणा एका माणसाने जिंकण्यासारखी नव्हती, एवढंच म्हणते. त्या वर्षीचे भाव आठवा. रेशनचं रॉकेल लिटरला 12-13 रुपये आणि डिझेल चाळिशीच्या पुढे. बारा हजार लिटरचा एक टँकर रेशन दुकानाऐवजी भलतीकडे वळवला तर तीन लाखांच्या वर सुटतात. एका रात्रीत. त्यातून चालकाला, ढाब्यावाल्याला, चौकीला, तहसिलीला, पुढाऱ्याला सगळ्यांना देऊन वर उरतंच. ज्या दिवशी सरकारने एकाच प्रकारच्या तेलाला दोन भाव लावले, त्या दिवशीच हा पगार मंजूर झाला होता.

मामा: तुमच्या शास्त्रात माणसं नसतातच का गं? भाव तेव्हा साऱ्या देशात दोन होते. पण प्रत्येक तालुक्यात पानेवाडी झाली नाही. जिथे हप्ता वरपर्यंत पोचत होता तिथेच झाली. मी नोकरीत होतो. एखादा टँकर अडवला की वीस मिनिटांत फोन यायचा. फोन कुणाचा हे सांगत नाही, तुला कळतंच. पंचनामा करायला पंच मिळायचे नाहीत. नमुना घेतला तरी तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याचा रंग बदलायचा म्हण, नाहीतर बाटली.

भाची: रंग! बघा, तुम्हीच विषय काढलात. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, म्हणजे ते डिझेलमध्ये मिसळलं की कळेल. तो रंग धुऊन काढता येतो हे ढाब्यावरच्या पोरालाही ठाऊक होतं. मग 2006 मध्ये मार्कर आणला, रसायन टाकायचं आणि तपासणीत पकडायचं. तोही गाळून काढता येतो असं दिसलं आणि 2008 च्या अखेरीस तो बंदच केला. तुम्ही एक कुलूप लावायचं, त्यांनी किल्ली करायची. कारण किल्लीची मजुरी तीन लाख होती!

मामा: आणि कुलूप लावणाऱ्याची मजुरी? सांगू? लखीमपूर खिरीचा मंजुनाथ आठवतो? लखनौच्या आयआयएममध्ये शिकलेला पोरगा, इंडियन ऑइलचा विक्री अधिकारी. एक पंप भेसळीवरून सील केला, पुन्हा तपासायला गेला, 19 नोव्हेंबर 2005 ला गोळ्या घातल्या. त्यानंतर पाच वर्षं उलटून गेल्यावर सोनवणे साहेब. मधल्या काळात सरकार काय शिकलं?

भाची: काहीच नाही, हेच तर माझं म्हणणं! एनसीएईआर या अर्थसंशोधन संस्थेने 2005 मध्येच अभ्यास करून सांगितलं होतं की रेशनचं सुमारे 38 टक्के रॉकेल भलतीकडे जातं. किरीट पारीख समितीने 2010 च्या सुरुवातीला भाव मोकळे करा म्हणून अहवाल दिला. त्या जूनमध्ये पेट्रोल मोकळं केलं, रॉकेल तीन रुपयांनी वाढवलं आणि दमले. डिझेल मोकळं व्हायला 2014 चा ऑक्टोबर उजाडला. रॉकेलचा भाव दर महिन्याला, पुढे पंधरवड्याला 25-25 पैशांनी चढवायला 2016 चा जुलै. आणि अनुदान शून्यावर आलं 2020 मध्ये. सोनवणेंच्या जाण्यानंतर राज्यभर छापे पडले, अटका झाल्या, सरकारी कर्मचारी रस्त्यावर आले. त्या छाप्यांनी काय झालं? महिनाभर सगळे गप्प बसले. आणि त्या 25 पैशांनी? रॉकेलचं दुकानच बसलं.

(इथे मला भाचीचं पटतं, पण तिच्या आवाजातला विजय पटत नाही. पंचवीस पैशांना चार वर्षं लागली, आणि ती वाढ रॉकेल चोरणाऱ्याला जाणवायच्या आधी कंदील लावणाऱ्याला जाणवली.)

मामा: दुकान बसलं म्हणतेस. कुणाचं बसलं ते बघ. मोठा मासा काही रॉकेलवर अडून बसला नाही. तो वाळूत गेला, जमिनीत गेला, कुणी नगरसेवक झाला. पुढे बायोडिझेलच्या नावाखाली कारखान्यांतली तेलं ट्रकांत भरण्याचा प्रकार चालला, ठिकठिकाणी छापे पडले, ते विसरलीस? फरक डिझेल आणि रॉकेलमध्ये नाही राहिला, तर डिझेल आणि दुसऱ्या कशात तरी निघाला. खरं बसलं ते परवानाधारकाचं. गावात दोनशे लिटरचं पिंप आणि एक मापटं घेऊन बसणारा म्हातारा. त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं पर्यायी रोजगार मागत राहिल्या. आणि ती बाई, जिला 2018 पासून हमीपत्र लिहून द्यावं लागलं की आमच्या घरात गॅस नाही, तेव्हा कुठे रॉकेल. मला सांग, चोर कोण होता आणि शपथपत्र कुणाकडून घेतलं?

भाची: त्या बाईला गॅस दिला ना. 1 मे 2016 ला बलियात उज्ज्वला सुरू झाली.

मामा: जोडणी दिली. कॅगचा अहवाल तू मला शिकवणार? 2018 च्या अखेरपर्यंतचा हिशेब त्यांनी काढला. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी 3.21 सिलिंडर. चार माणसांच्या घराला तेवढे तीन महिने पुरतात की चार, तूच हिशेब कर. बाकीचे महिने चुलीला काय लावायचं? आणि त्याच अहवालात आहे, काही लाख खात्यांवर एका महिन्यात 3 ते 41 सिलिंडर उचलले गेले होते. एकेचाळीस! वडे तळत होते का?

भाची: (हसून) घरगुती सिलिंडर स्वस्त, हॉटेलचा महाग. पुन्हा तोच फरक, मामा. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

मामा: मांडतोय, पण तुझ्यापर्यंत येऊन थांबत नाही. फरक मिटवलास, बरं केलंस. फरक मिटवून जे वाचलं ते गेलं कुठे? हा प्रश्न तुमच्या वर्गात कुणी विचारतं का?

(भांडण इथून खरं सुरू होतं. भेसळीवर दोघांचं फारसं वाकडं नाही, दोघं वेगवेगळ्या दारांतून एकाच खोलीत येतात. पुढचं मात्र वेगळं आहे.)

भाची: तिजोरीत गेलं. आणि तिजोरी सगळ्यांची असते.

मामा: सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. आकडे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. 2014 च्या शेवटी कच्चं तेल कोसळलं. 2014 चा नोव्हेंबर ते 2016 चा जानेवारी, केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. त्यातला काही भाग सेसच्या नावाने. तो राज्यांशी वाटून घ्यायचा नसतो. राज्य मग काय करणार? 2015 च्या ऑक्टोबरपासून आपल्या सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये दुष्काळाचा अधिभार बसवला. दुष्काळासाठी! त्या साली दुष्काळ होता, मान्य. पुढे पाऊस झाला. अधिभार काही वाहून गेला नाही.

भाची: हे मला मान्य आहे. नावं देऊन कर बसवायचा आणि पैसा एकाच पोत्यात टाकायचा, हे वाईटच.

मामा: वाईट म्हणून सोडून देतेस. मी तुला पानेवाडीच्या फाटकावर उभी करतो. वीस हजार लिटरचा टँकर बाहेर पडतो. चालक कागद दाखवतो, कप्प्यांची झाकणं लॉक, सील तपासलं, गाडी निघाली. त्या एका गाडीत 2 रुपयांप्रमाणे दुष्काळाचे 40 हजार रुपये असायचे. अशा किती गाड्या निघतात ते तू डेपोला विचार. आता फाटकाकडे पाठ करून मनमाडच्या गल्लीत ये. घरासमोर प्लास्टिकचे ड्रम, सिंटेक्सची टाकी, जिन्याखाली हंडे. पाणी येणार म्हणून माणूस कामावर दांडी मारतो. वाघदर्डीचं धरण पालखेड कालव्याच्या आवर्तनावर भरायचं, आवर्तन लांबलं की शहराचं वेळापत्रक लांबलं. टँकरवर दुष्काळाचा कर आणि ज्या गावावरून टँकर जातो तिथेच दुष्काळ! तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात?

(मामा इथे भाषण करतात, पण या भाषणाला उत्तर नाही. मनमाडची तहान गावात इतकी जुनी झाली आहे की ती बातमी राहिलेली नाही. देशभरच्या गाड्या जिथे थांबतात, रेल्वेच्या पुलांचे गर्डर जिथे बनतात, अन्न महामंडळाचं धान्य जिथे साठतं, त्या शहराला साठवायला फक्त पाणी नाही.)

भाची: करंजवण धरणातून पाणी आणण्याची योजना झाली ना मंजूर, कामही सुरू झालं.

मामा: झाली. किती वर्षांनी? आणि ती झाली ती आमदाराने पाठपुरावा केला म्हणून, लोकांनी मोर्चे काढले म्हणून. अधिभाराच्या खात्यातून कुणी आपणहून म्हणालं नाही की या शहरावरून आपण एवढं तेल नेतो, त्याचं देणं आहे.

भाची: देणं? मामा, तेल मनमाडचं नाही. मुंबईच्या रिफायनरीतून पाइपलाइनने येतं आणि पुढे उत्तरेला जातं. खाणीसारखं नाही की जमीन खणली, डोंगर गेला, म्हणून तिथल्या लोकांचा हक्क. मनमाडवरून फक्त जातं. असं म्हणाल तर प्रत्येक टोलनाक्याच्या गावाने हिस्सा मागावा.

मामा: मागू दे. खाणीवाल्यांना 2015 मध्ये कायद्याने दिलाच की. जिल्हा खनिज प्रतिष्ठान. जुन्या खाणींच्या रॉयल्टीच्या 30 टक्क्यांइतकी रक्कम जिल्ह्यात ठेवायची, निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर खर्च करायची. चंद्रपूरला हा निधी मिळतो. तिथे कोळशाची धूळ आहे म्हणून. आणि इथे? डेपोमुळे रस्त्यावर चोवीस तास जड वाहनं, आगीची टांगती तलवार, आणि वीस वर्षं चाललेली ती चोरी. ढाब्यावर कॅन धरणारी पोरं बाहेरून आली नव्हती, गं. दहावी नापास, शेती कोरडवाहू, एका रात्री हजार-पाचशे मिळतात म्हणून गेली. त्यातली काही तुरुंगात गेली, काही भाजली. सोनवणे साहेबांवर रॉकेल टाकणारा मुख्य आरोपीच त्यांच्या मिठीत भाजला आणि काही दिवसांत मेला. आपण नुसतं गुन्हेगार म्हणून मोकळे होतो. त्या पट्ट्यात दुसरा धंदा कोणता ठेवला होता सरकारने?

भाची: थांबा. खनिज निधीचं उदाहरण तुम्ही दिलंत, मीच त्याचं दुसरं टोक सांगते. छत्तीसगडात कोरबा जिल्ह्यात याच निधीतल्या कामांच्या वाटपावरून ईडीची चौकशी लागली, जिल्हाधिकारी राहिलेल्या एका अधिकाऱ्याला अटक झाली. ठेकेदाराने टक्केवारी द्यायची, काम मिळवायचं. तुमच्या हप्त्याचंच नवं रूप, फक्त आता सरकारी शिक्का मारून. पानेवाडीसाठी असा निधी काढलात तर पहिला अर्ज कोणाचा येईल? ज्यांचा रॉकेलचा धंदा बसला त्यांचा. या वेळी ठेकेदार म्हणून.

(हा बाण लागतो. मामा बराच वेळ चहा ढवळत बसतात.)

मामा: म्हणजे काय, पैसा वरच ठेवायचा? वर काय साधू बसलेत?

भाची: वरही नाही, खाली मोकळाही नाही. मोजून. तुम्ही पंपावर तपासणीला जात होतात ना, काय बघायचात?

मामा: पाच लिटरचं प्रमाणित माप. घनता मापायला हायड्रोमीटर, नोंदीतल्या घनतेपेक्षा तीन अंकांहून जास्त फरक आला की शंका. पेट्रोलचा थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा, उडून गेला पाहिजे, डाग राहिला तर भेसळ. ग्राहकाने मागितलं तर पंपाने कागद द्यायलाच हवा. पण मागतं कोण!

भाची: तेच म्हणते. पंपावर ग्राहकाला मागता येतं, निदान कायद्याने. डेपोवर मनमाडकराला काय मागता येतं? आज किती लिटर गेलं, किती अधिभार जमला, त्यातलं या तालुक्यात किती आलं, हे तीन आकडे महिन्याला नगरपरिषदेच्या दारावर लावायचे. निधी नंतर. आधी आकडे. ते आकडे समोर आले की निधी मागायला मोर्चा काढायला तुमच्यासारखे शंभर उभे राहतील. आणि आकडे आधी असले की निधी आल्यावर कोणी खाल्ला हेही दिसेल. तुम्ही उलटं करताय, आधी तिजोरी, मग कुलूप.

मामा: आणि तुझ्या बोर्डावरचे आकडे वाचून पाणी येईल?

भाची: नाही येणार. पण तुमच्या निधीने आलं तर नळातून किती आलं हे तरी कळेल.

मामा: मला आणखी एक हवंय. पाणी आलं तरी पोरगा काय करेल? डेपोतल्या नोकऱ्या मोजक्या, त्यातही कंत्राटी. टँकरवर चालक होतो तो. 2024 ला त्याच चालकांनी हात वर केले तेव्हा सगळ्या राज्याला दोन दिवस कळलं की आपण कोणाच्या भरवशावर चालतो. त्या चालकांसाठी डेपोबाहेर नीट विसाव्याची जागा, संडास, डोळ्यांची तपासणी, एवढं तरी सरकारने उभारावं. गोदामं आहेत, रेल्वे जंक्शन आहे, राष्ट्रीय महामार्ग आहे. कांद्याची चाळ, शीतगृह, वाहन दुरुस्तीचं प्रशिक्षण, हे मनमाडला नाही तर कुठे होणार? विशेष काही मागत नाही मी.

भाची: त्याला मी हो म्हणते. फक्त एक अट. अनुदान देऊन स्वस्त काही करू नका. स्वस्त डिझेल, स्वस्त वीज, स्वस्त काहीही. जिथे दोन भाव लावाल तिथे ढाबा उभा राहतो.

मामा: रॉकेल स्वस्त नसतं तर आमच्या आईचा कंदील पेटला नसता.

भाची: आजीला पैसे द्यायचे होते, रॉकेल नव्हे. 2015 पासून गॅसचं अनुदान थेट खात्यात गेलं, तेव्हा बोगस खाती गळली की नाही?

मामा: आजीचं खातं नव्हतं, बाई. आमच्या गावात बँकच नव्हती. तुझी योजना चांगली आहे, पण ती तीस वर्षं उशिरा जन्मली.

(याला भाचीने उत्तर दिलं नाही, आणि देण्यासारखं उत्तर मलाही सुचत नाही. ज्या काळी खाती नव्हती त्या काळी दोन भावांखेरीज गरिबाला उजेड देण्याचा दुसरा मार्ग कोणता होता? आणि खाती आल्यावर दोन भाव आणखी इतकी वर्षं का चालू ठेवले, हा त्याहून अडचणीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कदाचित ज्यांना वीस मिनिटांत फोन करता यायचा त्यांना माहीत असावं.)

भाची: बरं, निधीच काढायचा ठरला समजा. लिटरमागे पाच पैसे, इंधनावरच्या राज्याच्या करातूनच काढायचे, नवा कर नाही. कुणाला द्यायचे? डेपो पानेवाडी परिसरात, ग्रामपंचायतींच्या हद्दीत. तहान मनमाड नगरपरिषदेच्या हद्दीत. तालुका नांदगावचा. तिघं भांडतील.

मामा: भांडतीलच. ग्रामपंचायत म्हणेल, स्फोट झाला तर आधी आम्ही उडणार.

भाची: मग हद्द सोडा, अंतर धरा. खाणींच्या निधीला केंद्राने 2024 मध्ये प्रत्यक्ष बाधित भागासाठी 15 किलोमीटरची रेघ मारून दिली. तशीच डेपोच्या भिंतीपासून मोजा.

मामा: मोजू. सोळाव्या किलोमीटरवरच्या सरपंचाला समजवायला मात्र तू ये. मी निवृत्त आहे.